अक्षता सुपरनोव्हा होते

सकाळी सातला कंपनीची क्वालिस गाडी दिल्लीत आमच्या करोल बागेतल्या गल्लीत शिरते, आणि सात-आठ जणांत कोंबलेली आमची अक्षता तीतून बाहेर पडते. गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये ती रात्रभर 'जेनिफर' असते आणि अमेरिकेतल्या लोकांच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकते. घरी येईपर्यंत जेनिफर गेलेली असते आणि अक्षता यायची असते. मधलं जे कोणी असतं, ते चहा न पिता झोपी जातं.

पण त्या सकाळी तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "आई, मी सुपरनोव्हा झाले!"

मी लगेच साखरेचा डबा काढला. म्हटलं, पगारवाढीसारखं काहीतरी असेल. ती म्हणाली, "सुपरनोव्हा ऑफ द इयर! अख्ख्या फ्लोअरमधून एकटी. रविवारी फॅमिली डे आहे, स्टेजवर ट्रॉफी मिळणार."

आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "ज्याने हे नाव ठेवलं त्याला विज्ञानात किती मार्क होते?"

हे म्हणजे नरसिंह डोंगरे, माझे यजमान. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. कौतुक करायचं म्हटलं की ह्यांच्या जिभेला लकवा मारतो. अक्षता बोर्डाच्या परीक्षेत शाळेत पहिली आली तेव्हा "बरं आहे" म्हणाले होते, आणि ती अतिशयोक्ती झाली असं वाटून दोन दिवस गप्प होते. चारचौघांत पोरांना चांगलं म्हटलं की पोरं बिघडतात, हा त्यांच्या घराण्याचा नियम आहे. ह्यांच्या वडिलांनीही ह्यांना कधी चांगलं म्हटलं नाही, आणि 'म्हणूनच मी नीट निपजलो,' असं हे म्हणतात. मी तेव्हा भांडी आवरायला घेते.

अक्षताने त्या दिवशी मात्र हट्टच धरला. "बाबा, प्रत्येक विनरच्या घरचं कोणीतरी दोन शब्द बोलतं. तुम्ही बोलायचं. सायन्स नाही, लेक्चर नाही. फक्त माझ्याबद्दल दोन चांगले शब्द. आयुष्यात एकदा, प्लीज यार."

तिला ट्रॉफीपेक्षा ते दोन शब्दच हवे होते, हे मला दिसत होतं. ह्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. "बघू," म्हणाले. मग आठवडाभर आरशासमोर उभे राहून ओठ हलवत होते. मी डोकावले की भांग पाडायला लागायचे.

रविवारी आम्ही गुडगावला पोचलो. चहूकडे काचेच्या इमारती आणि मधे धुळीत चरणाऱ्या म्हशी. हॉलमध्ये फुगे, छोले-कुलचे, आणि कानठळ्या बसतील असं संगीत. कंपनीचे मॅनेजर भसीन साहेब माइकवर ओरडले, "और हमारी सुपरनोव्हा, अक्षता डोंगरे!" सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. तिच्या हातात काचेचा चांदणीसारखा तुकडा दिला आणि ह्यांना बोलावलं.

हे स्टेजवर गेले आणि म्हणाले, "बच्चों, बैठ जाइए."

अख्खा हॉल बसला. भसीन साहेबसुद्धा बसले. मी मनात म्हटलं, संपलं.

"सुपरनोव्हा क्या होता है, कौन बताएगा?"

मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला. "सर, जो सबसे ज्यादा चमकता है."

"अधूरा उत्तर. कब चमकता है?"

अक्षताने ट्रॉफी पोटाशी धरून डोळे मिटले होते. तिची अवस्था बघून मला ह्यांना स्टेजवरून ओढून आणावंसं वाटत होतं, पण माझ्या हातात छोल्यांची प्लेट होती.

"बहुत बड़ा तारा होता है," हे सांगू लागले. "जलता है, जलता है, अंदर का सारा ईंधन खतम कर देता है. फिर अपने ही वजन से भीतर गिरता है और फट जाता है. कुछ हफ्ते इतना चमकता है कि सब तारे फीके. लोग कहते हैं, वाह!"

"फिर, सर?" तोच पोरगा म्हणाला.

"फिर बचता है एक छोटा सा गोला. कभी कभी वो भी नहीं."

तिथे बसलेल्या कंपनीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, हे मला तेव्हा दिसलं. सगळी पंचविशीच्या आतली पोरं.

ह्यांचा आवाज बदलला. "मेरी बेटी पहले मुझसे रोज झगड़ती थी. अखबार पर, पंखे पर, हर बात पर. चार महीने से नहीं झगड़ी. परसों रोटी हाथ में पकड़े पकड़े सो गई. भसीन साहब, ये इनाम इसे मत दीजिए. लड़की अच्छी है. बहुत अच्छी है. मुझे पूरी चाहिए."

एवढं बोलून खाली उतरले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. हात कुठे ठेवावेत ते ह्यांना कळेना. मी छोल्यांची प्लेट त्यांच्या हातात दिली, तेवढंच त्यांना काहीतरी धरायला मिळालं.

आधी त्या मागच्या पोराने टाळी वाजवली, आणि मग हॉलच उभा राहिला. भसीन साहेब माणूस वाईट नव्हते. माइक घेऊन गोंधळून म्हणाले, "सर, तो फिर इनाम में क्या दें?"

"छुट्टी," हे बसल्या जागेवरून म्हणाले. "आठ दिन."

पोरांनी इतका गोंगाट केला की साहेबांना मान्य करावंच लागलं.

परतीच्या टॅक्सीत महिपालपूर आलं आणि अक्षताचा बांध फुटला. "तुम्ही माझी नोकरी घालवली असती! मी सांगितलं होतं ना, सायन्स नाही! सगळ्यांसमोर मला रोटी हातात धरून झोपवलंत! आणि चांगली म्हणालात, तेही हिंदीत! भसीनला सांगितलंत! मला सांगायला काय होतं?"

तोंडाचा पट्टा सुरूच होता. आणि हे खिडकीबाहेर तोंड करून हसत होते, मला काचेत स्पष्ट दिसत होतं. धौला कुआँच्या सिग्नलला ती दम घ्यायला थांबली, तेव्हा हे तिच्याकडे वळले.

"चांगली आहेस तू. खूप चांगली आहेस."

ती हळूच म्हणाली, "परत म्हणा."

"एकदा सांगितलेलं लक्षात ठेवायचं."

"नाही राहिलं."

सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. हॉर्नवर आवाज चढवून ह्यांनी परत सांगितलं. ड्रायव्हर दचकून म्हणाला, "सर, मुझे कुछ कहा?"

"नहीं भैया, आप चलाइए," हे म्हणाले. "बेटी से बात कर रहा हूँ."