व्हॅनमधली जागा

यशोधनने आपल्या घरी सहलीचे कागद वाटले तेव्हा इरावतीने आधी तारखा पाहिल्या. नऊ जून ते सतरा जून. बरोबर होत्या, तिनेच काढलेल्या. त्याखाली मुक्कामाची गावं होती. तीही तिनेच शोधलेली. मग नावं आली. 'रायडर्स' म्हणून चौघे मित्र सायकलवर : यशोधन, रघुवीर, अपूर्व, राजीव. आणि तळाशी, 'सपोर्ट टीम – व्हॅन आणि जेवण' : वैजयंती, इरावती.

तिने कागद पुन्हा वरून वाचला. काहीतरी चुकलंय असं वाटून तिने तोंडही उघडलं होतं, पण तेवढ्यात यशोधन म्हणाला, "वहिनी, तुम्ही दोघी बरोबर असलात की आम्हाला काळजीच नाही. संध्याकाळी पोचलो की गरम वरणभात!"

सगळे हसले. यशोधनची बायको वैजयंती चहाचे कप गोळा करत होती, तीही हसल्यासारखी दिसली. इरावतीने नवऱ्याकडे पाहिलं. रघुवीर कागदात डोकं घालून बसला होता. इतका वेळ लागेल इतकं त्या कागदावर काही नव्हतंच.

दोन हिवाळे तिने या सहलीवर घालवले होते. इरावती इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होती. चाळिशी ओलांडल्यावर, बारावीनंतर पहिल्यांदा, ती सायकलवर बसली, आधी गावातल्या रेडवेजवर, म्हणजे सायकलींसाठीच्या लाल वाटांवर, आणि मग कालव्याकाठच्या खडीच्या वाटेवर. एका रविवारी नकाशात तिला दक्षिण फ्रान्समधला तो कालवा सापडला. तुलूझपासून झाडांच्या सावलीतून निघायचं आणि थेट समुद्रापर्यंत जायचं. पुढे समुद्राने वाळूचा बांध घालून अडवून ठेवलेली खारी तळी, लगून म्हणतात ती, आणि त्यांच्यामधून जाणारी कच्ची वाट. तिने कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात फ्रेंचसाठी नाव नोंदवलं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये फोन करून सात गावांत सात घरं शोधली. प्रत्येक ठिकाणी खोल्या तिच्या नावावर होत्या, कारण फोनवर बोलायची हिंमत बाकी कोणाला नव्हती.

आणि आता ती वरणभात करणार होती.

गाडीत बसल्याबसल्या तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अगं, म्हणजे... मागच्या आठवड्यात विषय निघाला होता."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"यशोधनचं म्हणणं पडलं की कोणीतरी व्हॅन चालवायला हवी. सामान कोण नेणार? तू गाडी छान चालवतेस."

"राजीवही छान चालवतो. अपूर्व तर माझ्यापेक्षा छान चालवतो."

"इरा, त्या वाटेवर झाडांची मुळं आहेत, दगड आहेत. पडलीस, हात मोडला तर? तुझ्या कामाचं काय?"

इरावतीने खिडकीची काच खाली केली. दिवसाला सहा माणसं तिच्या हाती जीव सोपवून डोळे मिटत होती, तेव्हा त्यांच्या श्वासांचा हिशेब ती ठेवत होती. आणि दगडावरून सायकल नेण्याइतकीही अक्कल तिला नाही, हे तिच्या नवऱ्याला आज कळलं होतं. तिला इतका राग आला की बोलायला गेली असती तर नुसती ओरडलीच असती. म्हणून ती घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रघुवीरला वाटलं, विषय मिटला.

पुढच्या शनिवारी सराव होता. मिल्टन कीन्सहून निघून ग्रँड युनियन कालव्याच्या काठाने थेट लंडन गाठायचं, आणि ईलिंगला रघुवीरची मावसबहीण नीना हिच्याकडे जेवायचं. पंच्याण्णव किलोमीटर. वैजयंती आणि इरावती डबे घेऊन गाडीने पुढे जाणार, असंही त्या कागदावर छापलेलं होतं.

सकाळी सहाला सगळे फेनी स्ट्रॅटफर्डच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या कालव्यातल्या दारापाशी, जमले. इरावती सायकलवरून आली. डोक्यावर हेल्मेट, मागे दोन पिशव्या. ती उतरली आणि तिने पुऱ्यांचा डबा यशोधनच्या हातात दिला.

"हे तुमचं. तुमच्या पिशवीत ठेवा."

"अहो पण वहिनी, गाडी?"

"गाडी घरी आहे."

"पण वैजयंती एकटीच..."

"तिला विचारा."

वैजयंती आपल्या गाडीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मी ट्रेनने जाते. मला एम वन हायवे नको वाटतो." हे तिने इतक्या झटकन म्हटलं, की जणू कित्येक दिवस कोणी विचारतंय का याची वाटच पाहत होती.

निघाले. वाट अरुंद होती, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला नेटलची खाजरी झुडपं. खडी चाकाखाली करकरत होती. बोटींच्या छपरांवर कुंड्या होत्या, धुराड्यांतून धूर निघत होता. मासे धरणारे म्हातारे लांबच लांब गळ वाटेवर आडवे टाकून बसले होते. त्यांच्यापाशी प्रत्येक वेळी उतरावं लागत होतं. इरावती सगळ्यांत पुढे होती. मुद्दाम नव्हती. रागाने पाय आपोआप फिरत होते.

लेटन बझर्ड गेलं. मार्सवर्थपाशी चढ लागतो. लॉकमागून लॉक, आणि शेजारी मोठे जलाशय. तिथे ती थांबली, पाणी प्यायली. जलाशयावर बगळे होते. दहा मिनिटांनी यशोधन धापा टाकत पोचला. बाकीचे अजून दिसत नव्हते.

तो सायकल टेकवून बाकावर बसला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही माझ्यावर का रागावलात ते कळत नाही. मी तुमच्या सोयीसाठीच केलं सगळं."

"माझ्या सोयीसाठी?"

"म्हणजे तुमच्या गुडघ्यासाठी."

"कुठला गुडघा?"

यशोधनने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे. "रघू म्हणाला ना. तुमचा गुडघा धरलाय, रोज पन्नास-साठ किलोमीटर जमणार नाही, पण तुम्ही स्वतःहून सांगणार नाही, तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून व्हॅनचं मीच सुचवतोय असं दाखवायचं. तो म्हणाला, तिला व्हॅनच बरी."

इरावतीच्या हातातली बाटली चेपत गेली आणि पाणी बुटांवर सांडलं.

रघुवीर आला तेव्हा ती वाटेच्या मधोमध उभी होती.

"माझा गुडघा कसा आहे, रघू?"

त्याने ब्रेक दाबले. मागून येणारे अपूर्व आणि राजीवही थांबले. यशोधन बाकावरून उठला आणि त्या दोघांना म्हणाला, "चला रे, आपण पुढे होऊ." तिघं गेले. लॉकच्या लाकडी दरवाज्यातून पाणी झिरपत होतं, तेवढाच आवाज राहिला.

"इरा, ऐक..."

"मी विचारलं, माझा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," तो म्हणाला.

"कधीपासून बरा आहे?"

"कधी दुखलाच नव्हता."

"मग खोटं का बोललास?"

रघुवीरने हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते. तो पाण्याकडे पाहत हळूच बोलला. "मार्चमध्ये आपण बो ब्रिकहिलची टेकडी चढलो. तू वर जाऊन थांबलीस. मी उतरून चालत आलो. अपूर्व म्हणाला, फ्रान्समध्ये वहिनी तुला दोरी बांधून ओढत नेणार. सगळे हसले. तूही हसलीस."

"हसले मी. विनोद होता."

"रोज होणार होता. आठ दिवस."

"म्हणून मी व्हॅनमध्ये बसायचं?"

"मला ते बरं वाटत नव्हतं एवढंच."

"तुला बरं वाटत नव्हतं!" आता मात्र तिचा आवाज चढला. पलीकडच्या बोटीतून एका बाईने पडदा बाजूला करून पाहिलं. "दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तू नकाशे बघितलेस. मी घोकलेली फ्रेंच वाक्यं ऐकलीस. मला म्हणाला असतास, इरा, जरा हळू चल, माझ्याबरोबर चल, तर मी चालले नसते का? हळू चालवायला मला काय झालं असतं? पण ते सांगायला तुझी जीभ उचलली नाही, आणि मला लंगडी करायला उचलली!"

"चुकलं माझं."

"मला सांगू नकोस. त्यांना सांग. आज, नीनाकडे, सगळ्यांसमोर."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

ट्रिंगपासून उतार होता. बर्कमस्टेड, रिकमन्सवर्थ, अक्सब्रिज. पुढे वाट घाण होत गेली. पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पुलांखाली काचांचा चुरा. राजीवचं चाक पंक्चर झालं, ते इरावतीनेच काढून दुरुस्त केलं, कारण बाकीच्यांच्या पंपाची तोंडं त्या व्हॉल्व्हला बसत नव्हती. साउथॉलमधून जाताना वरच्या रस्त्यावरून तळणाचा वास येत होता. दुपारी चारच्या पुढे हॅनवेलची लॉकं उतरून ते ईलिंगला नीनाच्या दारात उभे राहिले. वैजयंती कधीच पोचली होती. ती आणि नीना टेबलावर ताटं मांडत होत्या.

जेवताना यशोधन, अपूर्व, राजीव वाटेतल्या मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल बोलत होते. इरावती वाट पाहत होती. आमटी वाढून झाली. ताक आलं. रघुवीरने दुसऱ्यांदा भात घेतला.

"रघू," ती म्हणाली, "तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

सगळे थांबले. रघुवीरने घास खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले. "नंतर बोलू," तो म्हणाला. "घरी."

त्या एका शब्दाने तिच्या मनातली उरलीसुरली आशा संपली. नवल म्हणजे तिचा आवाज आता अगदी शांत होता, भूल देण्याआधी पेशंटशी बोलताना असतो तसा.

"मग मी सांगते. माझे गुडघे दोन्ही उत्तम आहेत. मी फ्रान्सला सायकलवर जाणार आहे. खोल्या माझ्या नावावर आहेत. सोमवारी मी फोन करून प्रत्येक ठिकाणी माझ्यापुरती एक ठेवणार आणि बाकीच्या सोडून देणार."

"वहिनी, असं डोक्यात राख घालून..." यशोधनने सुरुवात केली.

"डोक्यात काही घातलेलं नाही. व्हॅन हवी असेल तर जरूर न्या."

"चालवणार कोण?" राजीवने विचारलं.

चौघांनीही वैजयंतीकडे पाहिलं. ती हातातलं भांडं टेबलावर ठेवत म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. फ्रान्समध्ये उजव्या बाजूने गाडी चालवायची मला भीती वाटते. मला कोणी विचारलंच नव्हतं." आणि मग ती हसली, या खेपेस खरोखर.

चौघांची सहल तिथेच बारगळली. पुढे कधीतरी वेल्सला जाऊ, असं ते म्हणत राहिले.

घरी तीन आठवडे दोघांमध्ये दूध संपलंय, टपाल आलंय, याच्या पलीकडे बोलणं झालं नाही. रघुवीर एकदा म्हणाला, "मी येऊ का तुझ्याबरोबर? हळूहळू येईन." इरावती म्हणाली, "या वेळी नको." त्याने पुन्हा विचारलं नाही. सायकलीचा खोका टॅक्सीत मावत नव्हता, म्हणून तोच तिला गॅटविक विमानतळावर सोडायला आला. खोका काउंटरपर्यंत उचलून त्याने नेला. "सांभाळून जा," म्हणाला. ती "हो" म्हणाली, आणि आत गेली.

फ्रान्समधल्या कालव्याकाठी चिनारांची मुळं वाटेत खरंच होती, बोटाएवढी नव्हे, मनगटाएवढी. दुसऱ्या दिवशी एका मुळावरून ती पडली आणि कोपर सोललं. ते स्वतःच धुऊन, पट्टी बांधून ती पुढे निघाली. घरमालकिणींना तिची फ्रेंच कळली. सातव्या दिवशी कालवा संपून लगून सुरू झाली. डावीकडे उथळ खारं पाणी, उजवीकडे समुद्र, मधे बैलगाडीएवढी पांढरी खडीची पट्टी, आणि पाण्यात अग्निपंख पक्षी उभे. समोरून वारा असा होता की सायकल जागची हलत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. रघुवीर रोज करत होता. तिने दोनदाच उचलला होता. या वेळी उचलला.

"मी तिघांनाही सांगितलं," तो म्हणाला. "गुडघ्याचं. का बोललो तेही."

"कधी?"

"काल. यशोधनकडे. वैजयंतीसमोर."

"काय म्हणाले?"

"काही नाही. अपूर्व सॉरी म्हणाला. मला त्या दिवशी नीनाकडेच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "तेव्हाच हवं होतं."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. वाऱ्यामुळे तिला त्याचा श्वास ऐकू येत नव्हता.

"अजून रागावली आहेस?"

इरावतीने मनात चाचपून पाहिलं. राग होता. पहिल्या दिवसाएवढा नव्हता, पण होता, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही.

"आहे," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस राहील. रविवारी गॅटविकला ये, तेव्हा बोलू. आता वारा फार आहे, आणि अजून तीस किलोमीटर जायचंय."

तिने फोन खिशात टाकला, मान खाली घातली आणि हलका गियर टाकला.