कप्तान चंद्री

“कमरूभाई, ही नुसती शेळी न्हाई. माज्या पुस्तकातली कप्तान हाय,” म्हणत गहिनीनाथने चंद्रीचं दावं माझ्या हातात दिलं.

मी कॅनॉलच्या बंगल्यावरचा खानसामा कमरुद्दीन. गहिनीनाथ पाटकरी, दारं उघडून शेतांना पाणी सोडणारा. बहात्तरच्या दुष्काळात दारं बंदच, म्हणून हा गडी बांधावर बसून वहीत पोरांसाठी कादंबरी लिहायचा. शेळी, मुंगूस, म्हातारं गाढव, सगळे कॅनॉलात होड्यांवर बिऱ्हाड करतात आणि पाणी आटायच्या आत धरण गाठायला धडपडतात.

कॅनॉलच्या इंजिनिअर साहेबांच्या मेव्हण्याचा पुण्यात छापखाना होता. साहेबांना गोष्ट आवडली, तरच पुस्तक निघणार. आणि साहेब बंगल्यावर आले की मटण पाटकऱ्यानं पुरवायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी घातली, खुदा जाणे. त्या दुपारी साहेब यायचे होते. त्या साली घोडेगावच्या बाजारातसुद्धा जनावरांचे नुसते सापळे उभे होते. चंद्री तेवढी अंगानं धरून होती, कारण गहिनीनाथ आपली अर्धी भाकरी तिला घालायचा.

“दुसरं काही बघू की,” मी म्हणालो.

“कुटं हाय दुसरं? सायेब नाराज झाला तर समदंच गेलं. फिरवा सुरी.”

मी फिरवली. हात झडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी साहेब जेवत होते आणि गहिनीनाथ समोर उभा राहून वाचत होता. चंद्री दातांनी दोर ओढून होडी भोवऱ्यातून काढते, तिथं साहेबांचा घास हातातच राहिला. मनात म्हटलं, जिंकलास लेका.

“झकास. ही शेळी सापडली कुठं तुला?”

गहिनीनाथ ताटाकडे बघत राहिला. मी मूर्ख, बोलून गेलो, “हीच ती, साहेब.”

साहेब ठसका लागेपर्यंत हसले. “कप्तान जरा चिवट आहे रे.” मग हात धुऊन म्हणाले, “पण कॅनॉलात होडी घालायला मनाई आहे. सरकारी नोकरानं असलं छापायचं नाही. होड्या काढून टाक, मग बघू.”

“व्हय सायेब,” तो म्हणाला.

जीप गेल्यावर त्यानं पातेलं मला घासू दिलं नाही. स्वतः कॅनॉलात उतरला. गावांना प्यायला सोडलेलं घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पातेल्यातली चरबी सुटली आणि पाण्यावरून खाली निघाली.

“तिकडं न्हाई. धरन हिकडं हाय,” तो म्हणाला, आणि वाकून दोन्ही हातांनी पाणी उलटं लोटू लागला.