मुका नमस्कार

"पोरीयले काय नवं शिकवाचं थे शिकवा, बाई, पन त्याईचं 'जेवली का' इचारनं बंद करू नका," असं पार्बताबाई म्हणाली होती. भाजीची टोपली उतरवून ती ओट्यावर टेकली होती आणि रुख्मिणी एकेक वांगं फिरवून त्यात कीड आहे का ते पाहत होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "बंद कशाला होईल हो? जरा वळण लागेल, इतकंच."

"वळन लागू द्या. मी कुठी नाई म्हनतो? पन थे इचारनं नुसतं बोलनं नसते."

रुख्मिणीने हसून अर्धा शेर वांगी वेगळी काढली. बोलणं तिथेच संपलं.

पार्बताबाईचा मळा अमरावतीच्या बाहेर, वलगावच्या रस्त्यावर. तिची शकुन मुलींच्या शाळेत सातवीत होती, आणि त्याच वर्गाला शिष्टाचाराचा तास घ्यायला हेडबाईंनी रुख्मिणीला बोलावलं होतं. पौषात नागपूरहून तपासनीस मडम येणार होत्या. मुलींना चारचौघांत वागायची रीत यावी, कोणाला कसा नमस्कार करावा ते कळावं, म्हणून आठवड्यातून दोन तास. गावात बी.ए. झालेल्या बायका होत्याच किती?

रुख्मिणी अकोल्याकडच्या शेतकरी घरातली. वडिलांनी, खुशालरावांनी, भाऊबंदांचं न ऐकता तिला पुण्याला शिकायला ठेवलं. वसतिगृहात पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मी जेवून येतो," आणि खोलीतल्या मुली पोट धरधरून हसल्या. वऱ्हाडात बाईमाणूसही "मी येतो, मी जातो" असंच म्हणतं, हे त्यांना कोण सांगणार? त्या रात्री रुख्मिणी जेवली नाही. चार वर्षांनी ती परत आली तेव्हा पदवी होती, आणि तोंडातली वऱ्हाडी अशी धुऊन काढलेली होती की आईलाही तिच्याशी बोलताना अवघडल्यासारखं व्हायचं.

लग्न झालं, अमरावतीत बिऱ्हाड झालं, माणिक झाली. माणिक दोन महिन्यांची असताना नवऱ्याची, केशवरावांची, अकोल्याच्या कचेरीत बदली झाली. तिकडे घर मिळेना. ते शनिवारी संध्याकाळी आगगाडीने बडनेऱ्याला उतरून घरी येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. मधले दिवस रुख्मिणीचे, माणिकचे आणि भिंतीवरच्या घड्याळाचे. माणिक किती वाजता प्याली, कितीदा खोकली, हे ती वहीत लिहून ठेवी. पोर गाढ झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास पाही, आणि पुन्हा पाही.

गल्लीतल्या बायकांनी सुरुवातीला तिलाही विचारलं होतं. भिंतीवरून डोकावून, "जेवली का वं, बाई?" दुपारचे चार वाजलेले असोत नाहीतर सकाळचे आठ, प्रश्न हाच. रुख्मिणी नीट उत्तर द्यायची, "हो, जेवण झालं," आणि आत वळायची. उलट विचारायचं असतं हे तिला लहानपणी ठाऊक होतं, पण पुण्याने ते विसरायला लावलं होतं. हळूहळू बायका विचारेनाशा झाल्या. रुख्मिणीला वाटलं, आता आपल्याला नीट ओळखू लागल्या.

तास मात्र रंगायचा. ती माणिकला कडेवर घेऊन वर्गात जाई आणि मुली आधी पोरीचा गालगुच्चा घेत. मग रुख्मिणी दाखवी : बोहऱ्याच्या दुकानात बाई भेटली तर आदाब कसा करायचा, उजवा हात कपाळाशी, बोटं जुळलेली, मान किंचित झुकलेली, डावा हात चुकूनही नाही. मारवाडणीला "राम राम सा". पारशीणबाईला "साहेबजी". मडमेपुढे आपण होऊन हात पुढे करायचा नाही, तिने केला तरच, आणि तोही मेलेल्या माशासारखा लोंबता नाही.

"मडम म्हणेल, 'हाऊ डू यू डू?' म्हणजे, तुम्ही कशा आहात? त्यावर आपणही म्हणायचं, 'हाऊ डू यू डू.'"

"अन् कशा हाओ थे कोनंच नाई सांगाचं?" शकुनने विचारलं.

"नाही. तशी रीत आहे."

"मंग इचारते कायले थे?"

वर्ग खदखदून हसला. रुख्मिणीलाही हसू आलं. पण शकुन बसली नाही. "बाई, मडम इचारते अन् आयकत नाई, थे चांगलं. आमी 'जेवली का' इचारतो अन् आयकतो, थे वाईट. काहून?"

"कारण तो नमस्कार नाही, शकुन. तो प्रश्न आहे. दुसऱ्याच्या चुलीत डोकावणारा. रस्त्यातून ओरडून कोणी काय खाल्लं ते विचारायचं, हे मडमेने ऐकलं तर काय म्हणेल? दारासमोर थांबावं, दोन्ही हात जोडावे, मान लववावी आणि पुढे जावं. आवाजाची गरजच नाही."

मुलींनी ते मनावर घेतलं. शाळेतल्या मुली मनावर घेतात तेव्हा किती घेतात, हे शिकवणाऱ्याला फार उशिरा कळतं.

गल्लीच्या तोंडाशी तानुबाई राहायची. एकटी. एकेकाळी देवळापुढे फुलं विकायची. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिला उजेड आणि सावली एवढंच कळे. पण सकाळी शाळेच्या वेळी ती न चुकता उंबऱ्यावर येऊन बसे. मुली जाता जाता ओरडत, "जेवली का वं, आजी?" ती ओरडे, "झालं वं माय! तुमी?" कधी "झालं"च्या ऐवजी "होईन आता" असं यायचं. त्याचा अर्थ पोरींना कोणी शिकवला नव्हता, पण ठाऊक होता : घरात काही नाही. मग कोणीतरी आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर तिच्या मांडीवर ठेवून पळायची. आणि उत्तरच आलं नाही तर आत जाऊन पाहायचं. तानुबाईला कोणाकडे काही मागावं लागत नसे.

त्याच आठवड्यात, पौष लागायच्या आधी, माणिकला ताप आला. तीन दिवस उतरेना. केशवराव अकोल्याला. रुख्मिणी पोरीला छातीशी धरून खोलीत येरझाऱ्या घालत होती, तेव्हा दारावर काठी वाजली. तानुबाई चाचपडत आली होती, मुठीत देवळातला अंगारा घेऊन. "लेकराले लावतो, आन इकडं." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसलेला तोच हात ती पुढे करत होती.

रुख्मिणी मागे सरली. रोगट डोळे, रोगट हात, एवढंच तिच्या मनात आलं. "नको, आजी. ताप आहे. नंतर या," म्हणून तिने दार लावून घेतलं. काठीचा आवाज गल्लीतून हळूहळू दूर गेला.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पौषात मडम आल्या. मुलींनी आदाब केला, साहेबजी म्हटलं, हात मिळवला. मडमांनी शेऱ्याच्या वहीत दोन ओळी चांगल्या लिहिल्या. रुख्मिणी घरी येऊन आनंदाने ते कोणाला सांगावं म्हणून पाहू लागली, तर सांगायला कोणीच नव्हतं. तिने माणिकलाच सांगितलं.

आठवड्याने पार्बताबाई टोपली घेऊन आली, पण ओट्यावर बसली नाही.

"तानुबाई गेली," ती म्हणाली.

"गेली?"

"मेली नाई. भाच्याकडं गेली, चांदूर बाजारले. पुंजाराम गाडीवाल्याच्या गाडीत बसून. दाराले कडी लावली अन् गेली. तुमी पायलं नाई? आठ दिवस झाले."

रुख्मिणीने पाहिलं नव्हतं. माणिकचा प्रत्येक खोकला मात्र तिच्या वहीत होता.

"पण का गेली?"

"काहून म्हनता? बोलनं बंद केलं नं तिचं." पार्बताबाईने पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून पाहिलं. "पुंजारामले सांगे थे रडून रडून. म्हने, बाईच्या लेकराले ताप आला, बाईले वाटलं माही नजर लागली. मले दारातून वापस केलं. अन् पोरीयले सांगतलं, बुढीसंगं बोलू नका. म्हून पोरी चूपचाप जातात. पायाचा आवाज येते, तोंडाचा नाई."

"मी असं काहीच सांगितलं नाही!"

"थे मले मालूम हाय. तिले कोन सांगन?"

संध्याकाळी शकुन आली ती रडतच. "आमी रोज नमस्कार करो, बाई. दारापुढं थांबून, दोन्ही हात जोडून. तुमी शिकवला तसाच. एक रोज तिनं इचारलंबी, 'कोन हाय वं?' मी म्हनलं, 'नमस्कार, आजीबाई.' वर्गात म्हनतो तसं, हळू. तिनं माहा आवाजच ओयखला नाई. म्हने, 'कोन्या सायबाच्या घरचं मानूस हाय का?' अन् आत गेली."

"मग तू सांगितलं नाहीस, मी शकुन म्हणून?"

"रस्त्यात ओरडाचं नाई म्हनलं होतं नं तुमी."

रुख्मिणीला ते चित्र दिसलं. आंधळ्या बाईपुढे पाच-सहा मुली हात जोडून उभ्या राहतात, मान लववतात आणि पुढे जातात. आणि ती बाई उंबऱ्यावर बसून मोजते आहे पावलं, ही कोणाची, ती कोणाची, आणि एकही थांबून बोलत नाही. गावात एखाद्याला वाळीत टाकून बोलणं बंद करतात ते कसं करतात हे रुख्मिणीने लहानपणी पाहिलं होतं. नेमकं असंच करतात.

रविवारी तिने केशवरावांना सांगितलं, "मी चांदूर बाजारला जाऊन येते." ते म्हणाले, पोरीला घेऊन? या थंडीत? कोणासाठी, एका म्हातारीसाठी? आणि एक बातमी त्यांनीही दिली : अकोल्यात घर मिळालं, पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवायचं. एरवी ती आनंदाने उडाली असती. सोमवारी सकाळी माणिकला दोन शालींत गुंडाळून ती सर्व्हिस मोटारीत बसली.

तानुबाईचा भाचा सहदेव संत्र्यांच्या बागेत राखणीला होता. त्याचं घर गावात, आणि म्हातारीला ठेवलं होतं बागेतल्या विहिरीजवळच्या खोपीत. "घरात जागा कुठी हाय, बाई? हवा मोकळी हाय तिथं," तो म्हणाला आणि कामाला निघून गेला.

खोपीच्या दारात तानुबाई बसली होती. रुख्मिणीने समोर जाऊन हात जोडले. मग आपलेच जोडलेले हात पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तोंड उघडलं. चार वर्षांत घोटून घोटून पुसलेलं बोलणं फाटक्या आवाजात बाहेर आलं.

"जेवली का वं, तानुबाई?"

म्हातारीने मान वळवली.

"कोन? अमरावतीची बाई?"

"हो. मी."

"झालं," तानुबाई म्हणाली. "लेकरू बरं हाय नं?"

"बरं आहे. हे बघा, आणलंय." रुख्मिणीने माणिकला तिच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं. तानुबाईने आपले दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"नको माय. दूर धर. मंग काई झालं तं?"

रुख्मिणी जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. तास, मडम, नमस्कार, शकुन. तानुबाई ऐकत होती. मध्ये एकदा तिला हसूही आलं. "हात जोडे त्या? मले? अवं, मले तं समोरचं मानूसबी दिसत नाई." मग म्हणाली, "शकुनले सांगजो, मी रागावली नाई."

"चला माझ्याबरोबर. तुमच्या घरी. पोरी वाट पाहतात."

"अन् तू?"

रुख्मिणीला खोटं बोलता आलं नाही. "आम्ही अकोल्याला चाललो. तिकडे चला मग. माझ्याकडे."

"तुह्याकडं?" तानुबाईने पदराखालचे हात आणखी आत घेतले. "नाई माय. लेकरावाल्या घरात मी नाई येत. एकदा सोडली, आता दुसऱ्यांदा जागा नाई सोडवत. पाहू."

निघताना रुख्मिणीने आत जाऊन चुलीला हात लावला, डबा उघडून पाहिला. दुपारचा एक वाजला होता. चूल थंड होती, राख कालची होती, आणि पिठाच्या डब्यात बोटाला लागेल एवढंही पीठ नव्हतं. तिने स्वतःची शिदोरी तिथे ठेवली. सहदेवला गाठून थंड चुलीचं सांगितलं. "हो हो, पाहतो नं, बाई. घरून येते भाकर," तो म्हणाला. कधी येते, ते त्याने सांगितलं नाही.

अमरावतीचं बिऱ्हाड हललं. अकोल्याच्या नव्या घरात शेजारच्या भिंतीपलीकडे बायका आहेत. रुख्मिणी त्यांना रोज मोठ्याने विचारते आणि त्या तिला विचारतात. पार्बताबाईचं शकुनने लिहिलेलं कार्ड येतं, पण तिचा मळा सुटत नाही, आणि चांदूर बाजार त्यांनाही लांबच. रुख्मिणीने सहदेवला तीन कार्डं टाकली. एकाचंही उत्तर नाही. माणिक आता पाऊल टाकते, तिला सोडून दिवसभर जाता येत नाही, घेऊन जायला घरचे तयार नाहीत.

म्हणून तिचं हे वाचणाऱ्यांकडे मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी बाजाराच्या दिवशी चांदूर बाजारला जाणार असेल, तर सहदेवची बाग विचारा. विहिरीजवळ खोपी आहे. दुरूनच हाक मारा, आपलं नाव सांगा, घसा खाकरून मोठ्याने बोला. ती "झालं" म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, चुलीला हात लावून पाहा, आणि ती गरम होती की थंड, एवढं एका कार्डावर लिहून रुख्मिणीला अकोल्याला कळवा.