सारजाकडे राहिलेलं चिपटं

मी चिपटं बोलतोय. चिपटं म्हणजे शेराचा चौथा हिस्सा. आता किलो आलाय, त्यामुळे माझं नाव काढलं की पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसतात. हसा बापड्यांनो! पण शिरूरच्या बाजारात एके काळी भले भले दुकानदार मला बघून सावध व्हायचे.

माझा जन्म मोडक्या चाकातला. इलाही टांगेवाल्याच्या टांग्याचं चाक मोडलं, तेव्हा त्याची बायको बिबीजान हिने चाकाच्या मधला बाभळीचा तुंबा काही चुलीत घालू दिला नाही. "जाळून काय मिळनार? मूठभर राख. त्यापरास मला एक माप करून द्या," म्हणाली. सुताराने तुंबा कोरला, तोंडाला लोखंडी कडं बसवलं आणि बाजारातल्या मापाशी ताडून पाहिलं. मी तंतोतंत उतरलो. तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

शेजारी सारजाबाई राहायची. तिचा नवरा भिमाजी बाजारात हमाल. एकटीला चार शेरांची अख्खी पायली परवडायची नाही आणि सुटं घ्यावं तर महाग पडायचं. म्हणून आठवडे बाजारात दोघी मिळून एक पायली ज्वारी घ्यायच्या आणि घरी येऊन माझ्या मापाने निम्मी निम्मी वाटायच्या.

दुकानदार मापायला बसला की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन... बिबीजान ते गोड ऐकून घ्यायची आणि मग पदराखालून मला काढायची. एका शेठजींच्या शेरात माझी चार मापं काही केल्या भरेनात.

"शेठ, तुमच्या शेराचं बूड आतनं फुगलंय का वो?" बिबीजानने विचारलं.

आजूबाजूची माणसं हसली. शेठजी लाल झाले, पण मुकाट ओंजळभर ज्वारी वर घातली. पुढच्या बाजाराला त्याच शेठजींनी बोलण्याच्या नादात एक शेर जास्त ओतला. सारजाने बिबीजानचा हात गच्च दाबला. बिबीजानने तेवढा शेर काढून परत शेठजींच्या पोत्यात टाकला.

"भाबी, डोकं फिरलं का तुमचं? त्यो आपल्याला लुटतोय तवा?" वाटेत सारजा फणफणली.

"बूड त्याचं फुगलंय, आपलं न्हाई," बिबीजान म्हणाली. सारजा घोडनदीच्या पुलापर्यंत फुगून चालली, मग तिलाच हसू फुटलं. असल्या त्या दोघी! माठाच्या भाजीची देठं फेकायची नाहीत, शिळ्या भाकरीचा कुस्करा कांदा-तेल लावून असा करायचा की पोरं ताजी भाकरी बाजूला सारतील.

उसनं देण्याघेण्यात मात्र रोजची कटकट. रीत अशी, की न्यायचं सपाट माप आणि फेडायचं कडेच्या वर टोकदार रास, म्हणजे शीग, लावून. बिबीजान देतानाच शीग लावायची. मग सारजा परत करताना दाबून दाबून भरायची आणि वर आणखी मोठी शीग. माझ्या कडेवरून दाणे घरंगळायचे आणि दोघी एकमेकींच्या नावाने खडे फोडायच्या. मला भारी मजा वाटायची.

आणखी एक रीत होती. शेजारचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत पाठवायचं नाही. चार मिरच्या, गुळाचा खडा, नाहीतर चिमूटभर साखर तरी घालायचीच. चांगली रीत. पण तिनेच माझा घात केला.

एका साली पावसाने दडी मारली. बाजारात पोती येईनात, तर हमालाला काम कुठलं? सारजा उसनी ज्वारी मागायला आली. बिबीजानने शीग लावली नि म्हणाली, "पदरात सांडंल. चिपट्यासकट घिऊन जा."

सारजाने त्या ज्वारीच्या कण्या शिजवल्या. मला पुसलं आणि घरभर नजर फिरवली. मिरची नव्हती. गूळ नव्हता. मिठाच्या गाडग्यात हात घातला, तर तळाशी नुसता ओलसर खडा. "उद्या काय तरी घालून देते," असं स्वतःशीच म्हणून तिने मला फळीवर ठेवलं. उद्याही काही नव्हतं, आणि परवाही नव्हतं.

मग एका दुपारी दारात ओळखीची हाक आली. "सारजा, हाईस का गं?"

सारजाने मला झटकन उचललं आणि चुलीआड बसली. तिला वाटलं, भाबी चिपटं मागायला आली. पण मला दाराच्या फटीतून दिसत होतं. बिबीजानच्या पदरात भाकरी बांधलेली होती. ती मागायला नाही, द्यायला आली होती! मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. बिबीजानने दोनदा हाक मारली, थोडी थांबली आणि परत गेली. सारजा मला पोटाशी धरून रडत बसली.

लवकरच भिमाजीला दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर काम मिळालं. जाताना सारजा बिबीजानच्या दारावरून गेली नाही, मागच्या बोळाने गेली. मी तिच्या बोचक्यात होतो.

दौंडात बायका मालगाडीतून सांडलेलं धान्य झाडून आणायच्या. सारजाही आणायची, पण त्यातला दाणा माझ्यात घालायची नाही. "भाबीचं चिपटं इकतच्या ज्वारीनंच भरीन," म्हणायची. रोजच्या दळणातून एक चिमूट माझ्यात टाकायची. मी अर्धा भरलो की भिमाजीला ताप यायचा, काम बुडायचं आणि मी पुन्हा रिकामा. किती वेळा भरत आलो नि किती वेळा उपसला गेलो, देव जाणे. तेवढ्यात किलो आला. दौंडच्या दुकानदाराने मला बघून हात जोडले, "मावशी, ह्ये आता देव्हाऱ्यात ठेवा."

अखेर एकदाचा मी भरलो. सारजाने माझ्यावर अशी शीग लावली की बिबीजानशी जन्माचं भांडण व्हावं! मला धुतल्या फडक्यात बांधलं, मांडीवर घेतलं नि एसटीत बसली. शिरूर येईपर्यंत एकटीच पुटपुटत होती, "भाबी, शिव्या द्या, पर आधी च्या पाजा."

दार सुनेने उघडलं. मदिना तिचं नाव.

"भाबी कुठं हाय?"

मदिनाने पदर सावरला. मग म्हणाली, "मावशी, अम्मा गेली. रमजानच्या आधीच."

सारजा उंबऱ्यातच बसली. फडक्याची गाठ तिला सुटेना. मदिनाने सोडली आणि मला बघून तिचे डोळे भरले. "शेवटपत्तूर इचारायची, सारजाचं चिपटं आलं का? आमी म्हनायचो, अम्मा, नवं आनू. तर चिडायची. म्हनायची, चिपटं कुनाला पायजे गं? त्ये द्यायला सारजा यील ना!"

सारजाने हंबरडा फोडला. "मी घरातच हुते गं! तिनं हाक मारली तवा मी घरातच हुते!"

मदिनाने तिला च्या पाजला, मला परत न्यायचा आग्रह केला. सारजाने नकारार्थी मान हलवली. "आता परत कुनाला आनून दिऊ?" एवढंच बोलून ती गेली.

आता मी मदिनाच्या फळीवर आहे, शिगेसकट. ती ज्वारी दळायला कुणाचा हात होत नाही. परवा त्या दाण्यांना टोके किडे लागलेले दिसले. बिबीजान असती तर साऱ्या घराला फैलावर घेतलं असतं, उन्हात घालून, पाखडून त्याच दिवशी भाकरी थापल्या असत्या.

बाबांनो, तुमचंही एखादं भांडं शेजारी राहिलं असेल. ते येत नसेल तर रागावू नका. तुम्हीच जा. भांड्याचं नावही काढू नका, नुसती हाक मारा. आणि एवढं माझं ऐका, दार उघडेपर्यंत तिथंच उभे राहा.