पडद्याआडची आई

मी जुन्या फोटोंची गॅलरी बोलतेय, आणि आज मला कुणी गप्प बसवू नका.

जन्मानं मी दातांचा दवाखाना. डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, भिंतीवर सहज एक जुना फोटो टांगला आणि तिथंच माझं नशीब फिरलं. कुठं स्टुडिओ बंद पडतोय, कुणाचं घर रिकामं होतंय असं कानावर आलं, की बाई गॅसवरचं दूध तसंच टाकून धावायच्या. अनोळखी माणसांचे फोटो उराशी धरून आणायच्या, मऊ ब्रशनं झाडायच्या. "ये गं बाई, बस निवांत," असं त्या फोटोशी बोलायच्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा मलाही भरून यायचं. शेवटी पेशंटची खुर्चीही गेली आणि मी नुसती फोटोंची उरले.

डॉक्टरांचं वेड मात्र निराळं. लोकांचे दात चटकन उपटणारा हा माणूस भिंतीवरचा फोटो जागचा हलू देत नाही. नक्कल तर नाहीच नाही; मोबाईलसुद्धा दारातच काढून घेतात.

मग एक म्हातारी आली. फिरता फिरता एका फोटोपुढे थबकली. खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर पोर, पोरीच्या एकाच पायात बूट.

"अहो, ही मी!" ती ओरडली. "फोटो काढताना एक बूट हरवला म्हणून रडत होते, मावशी सांगायची. ही माझी आई! मी रांगत होते तेव्हाच गेली. तिचा चेहरा आज बघतेय हो."

"वा! खाली तुमचं नाव लिहितो," डॉक्टर खूश.

"नाव राहू दे. मला याची एक नक्कल द्या."

"नक्कल निघाली तर माझा फोटो जगात एकुलता एक कसा राहील, आजी?"

"आई माझी, आणि फोटो तुमचा होय?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. "रोज येऊन बघा की, आजी," एवढंच बोलल्या.

ती येऊ लागली. स्टूल ओढून बसायची, काचेवरून बोट फिरवायची. तर डॉक्टरांनी काय करावं? उजेडानं फोटो विटतो म्हणून त्यावर जाड काळा पडदा लावला! वर पाटी, 'हात लावू नये'. अरे, आईला पोटच्या लेकीपासून झाकता? मग जपताय कुणासाठी?

म्हातारी अजून येते. पडद्याकडे तोंड करून बसते. माझा एकेक खिळा रागानं तापतो, पण मला हात कुठले?

तुम्हाला आहेत. आत या, ती पाटी वाचूच नका. पडदा सरळ वर करा आणि बाजूला व्हा. मायलेकींच्या मध्ये उभं राहू नका.