दुसऱ्या ओळीतला पाच

"दोन्ही बरोबर आहेत," संपादक म्हणाला, आणि चारशे माणसांचं सभागृह असं चिडीचूप झालं की छताच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

सुडोकूत असं होत नसतं. रोजच्या पेपरातलं असो की वर्षातून एकदा भरणाऱ्या स्पर्धेचं शेवटचं कोडं असो, उत्तर एकच. त्या एकाच उत्तरावर सगळा डोलारा उभा असतो. आणि इथे शेवटच्या फेरीतले दोघे, एक दातांचा डॉक्टर आणि एक शाळेची बस चालवणारा, वेगवेगळे आकडे भरून बसले होते, आणि दोघांची एकूण एक ओळ, एकूण एक चौकट चोख होती.

कोडं माझ्या मावशीचं होतं. ही स्पर्धा भरवणाऱ्या पेपरासाठी एकोणीस वर्षं ती दर पहिल्या तारखेचं कोडं हाताने करते. पेन्सिल, खोडरबर आणि एक जुना लाकडी पाट, एवढंच सामान. त्याआधी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, हजारभर नंबर तोंडपाठ. मी तिची भाची. तिनेच मला वाढवलं, आणि गेली सहा वर्षं कोडं छापायला जाण्याआधी सोडवून बघायचं काम माझ्याकडे होतं. पोटापाण्यासाठी मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते.

संपादकाने दोघांना विचारलं, तुम्ही केलं कसं. डॉक्टर ऐटीत उठला. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, चार कोपरे, दोनच चौकटींत. तीन कोपऱ्यांत फक्त तीन किंवा आठ बसतो, चौथ्यात तीन, आठ किंवा पाच. चौथ्यातही तीन-आठच धरले, तर तीन आणि आठ यांची आपसात अदलाबदल करता येते आणि दोन उत्तरं होतात. दोन उत्तरं असूच शकत नाहीत, म्हणून चौथ्यात पाच. "मी पुढे बघतच नाही," तो म्हणाला. "कोडं करणाराला तेवढी अब्रू असते."

लोक हसले. कुणावर हसले ते मला कळलं.

बसवाला उठला. त्याला ही युक्ती माहीतच नव्हती. चौथ्या कोपऱ्यात आठ टाकून बघितला, पुढे गाडी कुठे अडली नाही, शेवटपर्यंत गेला. म्हणाला, "पाटीवर लिहिलंय म्हणून पुढे रस्ता आहे असं मी धरत नाही साहेब. जाऊन बघतो."

मग मावशी उभी राहिली. पडद्यावर तिचं कोडं मोठं करून दाखवलेलं होतं, तिकडे ती बघत होती. खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, चूक माझी आहे, आणि खाली बसली. बसताना तिने माझा हात धरला.  एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईने चूक माझी आहे असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, तिची असतानासुद्धा.

बक्षीस दोघांत वाटून टाकलं. बाहेर पडताना संपादक जवळ आला, चेहरा अगदी हळवा करून. मला बाजूला घेऊन म्हणाला की वयाचा प्रश्न आहे, कुणाला चुकला नाही, आता मॅडमनी आराम करावा. कॉम्प्युटर असली कोडी सेकंदाला दहा करतो. पहिल्या तारखेपासून तेच सुरू करू. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पेपरवाले छापणार नाहीत आणि मावशी वाचेल.

पुढचे चार दिवस मी जळत होते. वयाचा प्रश्न म्हणे. ज्याला स्वतःच्या पेपरातलं शुद्धलेखन कळत नाही तो माझ्या मावशीचं डोकं मोजणार. कारखान्यात मी कापडाचे थर असे कापले की सुपरवायझर म्हणाला, जरा बेताने, ताई, टेबल आपलंच आहे.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते कोडं पुन्हा काढलं. खाकी पॅटर्न पेपरवर कटिंगच्या खडूने मोठ्ठं. मला मावशीचं डोकं शाबूत असल्याचं सिद्ध करायचं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

आधी डॉक्टरचं उत्तर भरलं. मग बसवाल्याचं. मग बसवाल्याच्या चार कोपऱ्यांतले तीन आणि आठ उलटे केले, आणि तेही बसलं. दोन नाही, तीन उत्तरं. मी डबा बाजूला सारला. मावशी झोपेतसुद्धा असं कोडं करणार नाही. तिची रीतच तशी नाही. ती आधी पूर्ण उत्तर मांडते, मग एकेक आकडा काढत जाते, आणि आकडा काढला की दर वेळी पहिल्यापासून सोडवते. शेवटच्या आकड्यांना तर एकेक दुपार.

मग प्रश्न एवढाच उरला की तो चौथा कोपरा पक्का करायला कुठला आकडा हवा. एकेक घर धरून बघत गेले. दुसरी आडवी ओळ, आठवं घर. तिथे पाच असला की खालच्या चौकटीतल्या पाचाला तो एकच कोपरा उरतो. युक्तीबिक्तीची गरज नाही, तीन उत्तरांतलं एकच उरतं. मी खडूने तिथे पाच लिहिला.

आणि लिहिता लिहिता माझ्या हाताला आठवलं. तो पाच खोडलेला हाताला आठवला.

तीन आठवड्यांपूर्वी, याच टेबलावर, अशाच सुट्टीत. मावशीने स्पर्धेचं कोडं दिलं होतं, चोवीस आकडे. मी सोडवलं. शेवटच्या फेरीच्या मानाने मला ते मऊ वाटलं. मग वाटलं, तो पाच नसला तर? झाकून सोडवलं. चार कोपरे दिसले, तीन-आठ, तीन-आठ, तीन-आठ, आणि मी डॉक्टरसारखीच पुढे बघितलं नाही. दोन उत्तरं असूच शकत नाहीत, म्हणून पाच. झरझर सुटलं. मावशीचं उत्तर आलं, तेच. मी खूश. पाच खोडून टाकला, कागद पाकिटात घातला, चिकटवला, पेपरच्या ऑफिसात दिला. गुपित कोडं, पाकीट छापायच्या वेळीच उघडायचं, म्हणून ते मावशीला परत दाखवायचा प्रश्न नव्हता. तिला सांगायचंही राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते. खरं म्हणजे मला सांगायचं नव्हतं. नंतर कुणी कौतुक केलं की सांगणार होते.

उत्तर एकच आहे का हे बघायचं माझं काम. आणि मी एकच आहे असं धरून ते बघितलं. मावशीने पहिल्याच वर्षी बजावलं होतं, ती युक्ती सोडवणाऱ्याची, तपासणाऱ्याने तिला हात लावायचा नाही. मी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं.

मी खाकी कागदाची गुंडाळी केली. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून तडक मावशीकडे गेले.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. घरभर चिठ्ठ्या. शेगडीच्या वर: बंद केली, दोनदा बघितली. दाराच्या आत: किल्ली डाव्या खिशात. औषधाच्या डबीवर सात दिवसांच्या सात रेघा, चार मारलेल्या. कपाटाच्या आरशावर, तिच्या त्या टपोऱ्या ऑपरेटरच्या अक्षरात, माझं नाव, माझा फोन नंबर, आणि खाली: बहिणीची मुलगी, कटिंगचं काम करते, चहात साखर नाही.

मावशी टेबलाशी बसून मेंदूच्या डॉक्टरचा फॉर्म भरत होती. पाट भिंतीकडे तोंड करून उभा. मी विचारलं, हे काय. ती शांतपणे म्हणाली, तिथे पाच लिहिल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. पडद्यावर पाच नव्हता. म्हणजे न लिहिलेलं तिला लिहिल्यासारखं आठवतं. म्हणजे सुरुवात झाली. तिच्या आईला अशीच झाली होती.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, चपला न काढता, सगळं. खोडरबर कुठला होता तेसुद्धा.

तिने पेन खाली ठेवलं. "कुठला पाच?"

"दुसरी ओळ, आठवं घर."

मला वाटलं रडेल, मारेल, निदान ओरडेल. ती फॉर्मची घडी घालत राहिली, अर्धी, पाव, आणखी लहान. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार दिवस रोज सकाळी उठून मी आधी स्वतःला तुझं नाव विचारते. आलं की मग दात घासायला जाते."

मी चपला काढल्या. 

संपादकाकडे मी एकटीच गेले. तिने यायला साफ नकार दिला. म्हणाली, ज्याने खोडलं त्याने लिहावं. मी त्याच्या टेबलावर खाकी कागद पसरला, तिन्ही उत्तरं दाखवली, आणि कोड्याच्या शेजारी, आत कुठेतरी नाही, तिथेच, माझ्या नावाने छापायला लावलं की आकडा मी खोडला, करणारीची काही चूक नाही. तो म्हणाला, लोकांना एवढं बारीक कळत नाही. मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही, लोकांना चारशेच्या चारशेंना कळलं होतं. छापलं. पहिल्या तारखेला मावशीचंच कोडं आलं.

तपासायला मात्र ते माझ्याकडे आलं नाही. बसवाल्याकडे गेलं. शाळा सुटायची वाट बघत तो स्टिअरिंगवर कागद ठेवून सोडवतो, आणि प्रत्येक घरात प्रत्येक आकडा टाकून बघतो. पहिल्या कोड्याला त्याला नऊ दिवस लागले. मावशीने त्याला दुसरं दिलं.

मी आता पेपर विकत घेऊन सोडवते, सगळ्यांसारखी. मावशीकडे रविवारी जाते. पाट पुन्हा टेबलावर आहे. शेगडीवरची चिठ्ठी गेली, दारावरची गेली. आरशावरची तिने काढलेली नाही. मीही काढायला सांगितलेलं नाही. ती चहा करते, आणि माझ्या कपात साखर घालायच्या आधी, दर वेळी, मान वळवून आरशाकडे बघते.