तीन नंबरच्या खिडकीतला 'उद्या'

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि तीन नंबरच्या खिडकीतला कारकून आपल्या संगणकाला चापट्या मारत होता.

हो, चापट्या! मंडळी, हसू नका. तुमच्या-माझ्या ऑफिसात हे रोजचंच आहे. पडद्यावर गोल गोल चक्र फिरतंय, त्याखाली लिहिलंय, 'अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.' समोर माणसांची रांग, आणि खुर्चीतल्या माणसाचा पारा असा चढलेला की डोक्यावर चहाचं आधण ठेवलं तर उकळेल.

या कारकुनाचं खरं नाव हजेरीपत्रकातच उरलं होतं. सगळं ऑफिस त्यांना तिखटराव म्हणायचं. दाखले द्यायचं ऑफिस ते. जन्माचे, मृत्यूचे, अपंगत्वाचे, सगळ्या दाखल्यांना नंबर पडायचा तो संगणकातूनच. पूर्वी हाताने लिहून सही-शिक्का मारला की काम व्हायचं. आता यंत्र हो म्हणेल तेव्हाच माणसाचं काम होणार! आणि गेले चार महिने हे यंत्र रोज सकाळी बरोबर गर्दीच्या वेळेला अंग टाकत होतं.

"बघा! बघा या मेल्याला!" तिखटराव शेजारच्या खिडकीकडे बघून ओरडले. "काल अपडेट, परवा अपडेट, आज परत अपडेट! एवढे अपडेट माणसाला दिले असते तर देव झाला असता!"

"आमचं पण तेच चाललंय," शेजारचा म्हणाला. "मी तर दुसरा चहा मागवला."

खिडकीसमोर एक तिशीतली बाई उभी होती. हातात कागदांची पिशवी. मागे बाकावर तिचे सासरे बसले होते. म्हातारे शिंपी, गळ्यात मोजमापाची फीत. ती घरी काढून ठेवायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं. गेल्या तीन वर्षांत त्यांचे दोन्ही कान गेले होते. मशीनचा खडखडाट गेला, गिऱ्हाइकाचं बोलणं गेलं, नातवंडांची हाक गेली. आता माप घेताना गिऱ्हाईक 'सैल ठेवा' म्हणायचं आणि हे घट्ट शिवायचे.

"साहेब," सून म्हणाली, "ही आमची चौथी खेप. कानाला लावायचं मशीन मिळतंय तिकडे शिबिरात. आज दुपारी दोनला शिबिर संपतंय. तुमचा दाखला नसेल तर ते उभंसुद्धा करत नाहीत. पुढचं शिबिर दोन वर्षांनी आहे."

"मग मी काय करू बाई? संगणकाच्या पोटात शिरू? सिस्टीम स्लो आहे! दिसत नाही तुम्हाला?"

"तीनदा हेच सांगितलंत. मागच्या मंगळवारी, शुक्रवारी—"

"आणि चौथ्यांदा पण तेच सांगतो! उद्या या!"

हे 'उद्या या' त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की अख्ख्या हॉलने माना वळवल्या. एका शिंप्याने मात्र वळवली नाही. ते आपले सुनेच्या पाठीकडे बघून हसत बसले होते.

तिखटरावांनी चक्राकडे पाहिलं. बावीस टक्के. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि टेबलाखाली वाकून मागच्या वायरीकडे हात घातला. रोजचाच उपाय तो! खेचून काढायची, परत लावायची.

"हात काढा!"

आवाज बाईचा होता, पण असा की तिखटरावांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

पाच नंबरच्या खिडकीचा प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या मावशी मागे उभ्या होत्या. साठीच्या, खांद्यावर हत्यारांची थैली. वडिलांबरोबर टाइपरायटर दुरुस्त करत करत त्या संगणकापर्यंत पोचल्या होत्या. ऑफिसातले सगळे त्यांना मावशीच म्हणायचे आणि थोडे घाबरायचेही.

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका. आज याला मी खिडकीबाहेर फेकणार आहे!"

"त्याला कशाला फेकता? त्याने काय केलंय?" मावशींनी शेजारच्या, जरा शुद्धीवर असलेल्या संगणकावर दोन-चार कळा दाबल्या. लांबलचक यादी उघडली. "ही बघा तुमच्या मशीनची कुंडली. अपडेट अयशस्वी. अयशस्वी. अयशस्वी. एकसष्ट वेळा! अहो, हे अपडेट दर बुधवारी ऑफिस सुटल्यावर, कुणी काम करत नसताना व्हायला ठरवलेलं आहे. मग संध्याकाळी साडेपाचला इथे काय होतं?"

सगळ्यांनी तिखटरावांकडे पाहिलं. साडेपाचला काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

मागे एकदा कुणीतरी चहाची किटली चालू ठेवून गेलं होतं आणि टेबल करपलं होतं. तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता, साडेपाचला अख्ख्या हॉलचा मेन स्विच बंद. आणि तो खटका ओढायचा मान होता तिखटरावांचा! घड्याळाचा काटा साडेपाचवर आला की ते छाती पुढे काढून जायचे आणि खट्‌! "याला म्हणतात शिस्त," असंही म्हणायचे.

"रोज संध्याकाळी तुम्ही त्याचा गळा दाबता," मावशी म्हणाल्या. "मग सकाळी उठल्या उठल्या ते राहिलेलं काम करायला घेतं. सहाच्या सहा मशीन एकदम! इंटरनेटचा रस्ता एकच, मग सगळीच रखडणार. त्यात तुम्ही चिडून वायर खेचता. झालेलं सगळं उलटं फिरतं आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. आणि वरून शिव्या कुणाला? त्यालाच! आणि या रांगेला!"

"मग हे आधी सांगायचंत ना!" तिखटराव उसळले. "चार महिने आम्ही इथे—"

"सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी चिठ्ठी लिहून तुमच्याच पडद्याला चिकटवून गेले होते." मावशींची नजर टेबलावरून फिरली आणि थांबली. "तो ग्लास उचला."

तिखटरावांनी चहाचा ग्लास उचलला. खाली चौकोनी पिवळा कागद. त्यावर चहाची वर्तुळं, एकात एक अडकलेली. त्या वर्तुळांमधूनही अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. 'दर बुधवारी संध्याकाळी संगणक चालू ठेवून जा. मेन बंद करू नका.'

शेजारच्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तिखटरावांनी ग्लास बाजूला ठेवला. राग होताच, पण आता तो ठेवायचा कुणावर? संगणकावर ठेवता येईना, रांगेवर ठेवता येईना. एखादं जड ओझं उतरवायला जागा सापडू नये तसं झालं.

"आता हे संपायला किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"तीन तास तरी. आणि यावेळी ते होऊ द्या."

तीन तास म्हणजे शिबिर हुकलं. तिखटराव उठले. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते खिडकीच्या मागून निघून बाकापाशी आले. म्हाताऱ्याला निदान नीट समजावून सांगावं, असं त्यांच्या मनात होतं. ते वाकले. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच शिंप्याने हात वर केला.

"कळलं, कळलं. उद्या ना?" ऐकू न येणाऱ्या माणसाचा तो मोठा, सपाट आवाज हॉलभर घुमला. "साहेब, ओठांवरून बोलणं मला कुणाचंच ओळखता येत नाही. हिचं नाही, पोरांचं नाही. हा एकच शब्द पक्का झालाय बघा. तुमच्या खिडकीनेच शिकवला." आणि ते समजूतदारपणे हसले. "चला सूनबाई. साहेबांचा तरी काय इलाज!"

त्या हसण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं! तिखटरावांनी उलटून उत्तर दिलं असतं, भांडण झालं असतं, मन मोकळं झालं असतं. पण या माणसाला त्यांनी चार खेपांत एकच शब्द दिला होता आणि त्याने तो प्रसादासारखा जपून ठेवला होता!

"थांबा!" तिखटराव ओरडले. मग उपयोग नाही हे लक्षात येऊन त्यांनी शिंप्याचे दोन्ही खांदे धरून त्यांना खाली बसवलं. सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि ते तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. दार न वाजवता!

साहेब पेपर वाचत होते. त्यांच्या टेबलावरचा संगणक आरशासारखा लख्ख चालू होता.

"साहेब, उठा."

"काय? काय झालं? आग लागली?"

"लागली! चार महिन्यांपासून लागलीय. मला तुमची खुर्ची पाहिजे. एक दाखला काढायचाय."

"तुमच्या संगणकाला काय धाड भरली? माझा बघा, कसा पळतोय. तुम्हा लोकांना नीट वापरताच येत नाही."

"पळणारच," दारातून मावशी म्हणाल्या. "तुमच्या केबिनची लाइन वेगळी आहे, साहेब. ती साडेपाचला बंद होत नाही."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. 

"हुकूम तुमचा होता, साहेब," तिखटराव म्हणाले, "पण हात माझा होता. मावशींची चिठ्ठी मी चहाखाली घातली. बाहेर रोज चाळीस माणसं आपापलं काम बुडवून उभी असतात आणि मी त्यांच्यावर ओरडतो, जणू बिघाड त्यांनीच केला! लाज वाटली पाहिजे आपल्याला. दोघांनाही! आता उठता की मी तुम्हाला खुर्चीसकट उचलू?"

साहेब उठले.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी दाखला छापून निघाला. तिखटरावांनी शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि सुनेच्या हातात दिला. ती नमस्कार करायला वाकली, तर म्हणाले, "आधी पळा! रिक्षा करा. पाया पडायचं असेल तर त्या मावशींच्या पडा."

त्या संध्याकाळी साडेपाचला तिखटराव मेन स्विचपाशी गेले. सवयीने हात वर गेला. मग तो खाली आला. त्यांनी हॉलभर फिरून एकेक दिवा, एकेक पंखा हाताने बंद केला. किटलीची वायर काढून खिशात घातली. सहाही संगणकांचे हिरवे दिवे अंधारात लुकलुकत राहिले. चहाच्या वर्तुळांची ती चिठ्ठी त्यांनी स्विचच्या बरोबर वर चिकटवली. ती अजून तिथेच आहे. यंत्रं आता बुधवारी रात्री आपलं काम उरकतात आणि दिवसा माणसांचं करतात.

पंधरा दिवसांनी तीन नंबरच्या खिडकीसमोर शिंपी उभे राहिले. दोन्ही कानांत छोटी मशीनं, गळ्यात फीत.

"बोला बाबा," तिखटराव घाबरून म्हणाले, "दाखल्यात काही चूक झाली का?"

"चूक नाही. काही काम पण नाही." शिंपी आता हलक्या आवाजात बोलत होते. "एवढे दिवस तुमचे नुसते ओठ पाहिले. म्हटलं, आवाज कसा आहे तो एकदा ऐकून जावा."

तिखटराव ताडकन उठले. बावीस वर्षं या खिडकीत गर्जना करणारा माणूस, आणि आज स्वतःची खुर्ची उचलून बाहेर घेऊन आला! ती शिंप्यांपुढे ठेवून ते म्हणाले, "बसा. बसा ना बाबा."

शिंप्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "गोड आहे की," ते म्हणाले.

मंडळी, यंत्र बिघडतं आणि दुरुस्तही होतं, त्यात नवल नाही. पण त्या बिघाडाआड लपून आपण समोरच्या माणसाला परत पाठवतो, हा बिघाड आपला आहे आणि तो दुसरं कुणी येऊन दुरुस्त करणार नाही. राग यायलाच हवा! फक्त तो खिडकीबाहेर फेकण्याआधी आपल्या ग्लासाखाली एखादी चिठ्ठी दबलेली नाही ना, एवढं बघा. देवाने रांगेत उभं केलेल्या माणसाला आपल्याकडून 'बसा' हा शब्द ऐकायला मिळावा. 'उद्या' त्याने पुष्कळ ऐकलाय.